ब्राऊन शुगर, गोळ्या, सिरप सोडायचंय? नागपुरात सुरुवात कुठून करायची आणि पुढचं वर्ष कसं काढायचं

नागपुरात ज्या घरात हे प्रकरण बाहेर येतं त्या घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, एखादं चांगलं सेंटर सांगा ना, पोराला तीन महिने तिकडे ठेवून देतो." मला त्यांचं समजतं, घरातली झोप उडालेली असते, कपाटातले पैसे जाऊन राहिले असतात, मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं, आणि कुणीतरी हे आपल्या हातातून घ्यावं असं वाटणारच. पण तीन महिने ठेवलं आणि काम झालं असं यात होत नाही. अंगातून नशा उतरायला आठ-दहा दिवस लागतात, डोक्यातली ओढ वर्ष-दोन वर्ष राहते, म्हणून त्या वर्षभरात कोण सोबत राहील, औषध कुठून चालू राहील, संध्याकाळी पोरगा कुठे बसेल, याची तयारी आधी करायची आणि सेंटरचं नाव नंतर शोधायचं. माझा धाकटा भाऊ यातून बाहेर आला, त्याच्यासोबत ओपीडीच्या बाकावर बसून, मीटिंगांना जाऊन आणि मग दुसऱ्या घरांच्या मागे उभं राहून जे कळलं ते इथे लिहून राहिलो. मी डॉक्टर नाही, औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरनीच सांगायचं.

आधी एक गोष्ट. अफू, ब्राऊन शुगर, हेरॉइन, कोडीनवालं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल-टॅपेंटाडॉलच्या गोळ्या, पेंटाझोसिनचं इंजेक्शन, हे सगळं एकाच घराण्यातलं आहे. "तो काही पावडर घेत नाही हो, फक्त दुखण्याच्या गोळ्या घेतो" असं सांगणारी आई मला खूपदा भेटते. गोळी मेडिकल स्टोअरमधून आली म्हणून व्यसन वेगळं होत नाही. ट्रामाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि जास्त घेतली तर फिट येऊ शकते. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेला जो देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला त्यात १० ते ७५ वयातले सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गातलं काही ना काही घेतात असं निघालं, म्हणजे दोन कोटींच्या वर माणसं, त्यामुळे आपल्याच घरावर आभाळ कोसळलं, लोक काय म्हणतील, असं धरून बसायचं काही कारण नाही.

आता टर्की. घेणारे लोक याला टर्कीच म्हणतात, म्हणजे माल बंद झाल्यावर अंगाचं जे होतं ते. ब्राऊन शुगरवाल्याला शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडा-दहा दिवसांत उतरतं. आधी जांभया येतात, एकामागे एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाक-डोळे वाहायला लागतात, अंगावर काटा येतो, नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून पोरगा ब्लँकेट मागतो आणि दहा मिनिटांनी तेच फेकून देतो, पाय एका जागी ठेवता येत नाहीत, हाडं आतून कुणी पिळून राहिलं असं वाटतं, पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, आणि झोप अजिबात नाही. बघणाऱ्याला वाटतं हा आता मरतो. नुसत्या अफूवर्गाच्या टर्कीने धडधाकट माणूस सहसा दगावत नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन हालत खराब होऊ शकते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकर होते, म्हणून ओआरएस, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पातळ वरण-भात, ताक, थोडं थोडं चालू ठेवायचं आणि लघवी होऊन राहिली की नाही याकडे लक्ष द्यायचं.

पण घरी खोलीत कोंडून टर्की काढायचा विचार असेल तर थांबा. सोबत दारू रोजची असेल, किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर ते एकदम बंद केल्यावर फिट येऊन जीव जाऊ शकतो, तिथे डॉक्टर पाहिजेच. बाई गरोदर असेल तर एकदम बंद करायचंच नाही, गर्भपाताचा आणि वेळेआधी बाळंतपणाचा धोका असतो, तिला औषधावर स्थिर ठेवतात, आणि ते डॉक्टर करतात. हृदयाचा, लिव्हरचा त्रास असेल किंवा जीव द्यायच्या गोष्टी करत असेल तरी घर ही जागा नाही. आणि हे काही नसलं तरी मी म्हणेन की औषधाशिवाय टर्की काढण्यात काही मर्दुमकी नाही. त्रास कमी करणारी औषधं आहेत, आणि जो माणूस हाल हाल होऊन सात दिवस काढतो तो आठव्या दिवशी मालापाशी परत जायची शक्यता जास्तच असते.

तर जायचं कुठे. नागपुरात सरकारी रस्ता सरळ आहे. मेडिकल (म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल), मेयो (म्हणजे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचं), मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, आणि मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. "पागलखान्यात कसं न्यायचं" म्हणून लोक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की गप्प होतात, पण मेडिकलला गेलात तरी केसपेपर मानसोपचाराचाच निघणार आहे, कारण या आजाराचा डॉक्टर तोच आहे. सकाळी लवकर जा, खिडकीवर मानसोपचार सांगा, आधार कार्ड आणि जुने कागद असतील ते न्या, आणि रोज काय, किती, कसं घेतो, शेवटचं कधी घेतलं हे एका कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर बाप समोर असला की पोरगा निम्मं सांगतो. डॉक्टरांना म्हणा की त्याच्याशी पाच मिनिटं एकट्याशी बोला. घरच्यांनी बाहेर बसायचं, दाराला कान लावायचा नाही. धंतोली-रामदासपेठेत खाजगी मानसोपचारतज्ज्ञ भरपूर आहेत, ऐपत असेल तर तेही चालेल, फक्त पहिल्याच भेटीत विचारा की अफूवर्गाचे पेशंट तुम्ही नेहमी बघता का आणि ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओढ कमी करणारी गोळी, तिचं पुढे सांगतो, ती चालू ठेवायची सोय कुठे होईल.

जायची हिंमत होत नसेल तर आधी फोन करा. १४४४६ ही सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची टोल फ्री लाइन आहे. १४४१६ म्हणजे टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची लाइन, २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नाव खरं सांगायलाच पाहिजे असं नाही. पोराला स्वतः फोन करायचा नसेल तर बहिणीने करावा, बायकोने करावा.

पोलिसांची भीती मोठी असते ते मला माहीत आहे. दवाखान्यात गेलो तर केस होईल का? उपचाराला गेलं म्हणून कोणी केस करत नाही, डॉक्टरला पेशंटची माहिती गुप्त ठेवावी लागते. उलट एनडीपीएस कायद्यातच ६४-अ नावाचं कलम आहे, त्यात सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या केसमध्ये सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, अट ही की उपचार पूर्ण करायचे, मधून पळालं तर संरक्षण काढून घेता येतं. अशी केस आधीच चालू असेल तर वकिलाला हे कलम आवर्जून विचारा.

आता औषध, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत आणि माणसं त्यापायी मरतात.

ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे, बहुतेक वेळा नॅलॉक्सोनसोबत मिसळलेली, जिभेखाली ठेवायची. मेंदूत ज्या जागी ब्राऊन शुगर जाऊन बसते त्याच जागी ही बसते, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना तशी, त्यामुळे टर्की येत नाही, ओढ कमी होते, आणि वरून माल घेतला तरी त्याला बसायला जागा राहत नाही म्हणून मजा येत नाही. घेणाऱ्याला टुन्नी चढत नाही, तो कामावर जाऊ शकतो. पहिला डोस टर्की नीट सुरू झाल्यावरच द्यावा लागतो, आधी दिला तर टर्की उलट एकदम जोरात लागते, म्हणून मित्राकडून आणलेली गोळी घरी खाऊन बघायची नाही. आणि यासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावू शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. साधारणपणे ही गोळी गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही, व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या केंद्रातून मिळते. जे सुईने घेतात त्यांच्यासाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली ओएसटी, म्हणजे मालाच्या जागी औषध द्यायची, केंद्रं असतात, तिथे हे औषध फुकट आणि रोज समोर बसवून देतात. सिस्टर गोळी जिभेखाली टाकते, पेशंट बाकावर तोंड मिटून बसतो, बोलायचं नाही, पाणी नाही, थुंकी गिळायची नाही, पाच-दहा मिनिटांनी ती "आ करा" म्हणते, टॉर्चने बघते, विरघळली असेल तर मग जायचं. रोज जायचा कंटाळा येतो हे खरं, पण पहिल्या काही महिन्यांत रोज सकाळी एका ठिकाणी हजर व्हायचं, कुणीतरी नावाने हाक मारायचं, याचाच भावाला केवढा आधार झाला. एचआयव्ही आणि ओएसटीची माहिती १०९७ वर मिळते.

आणि मग घरी सुरू होतं, "एक नशा सोडून दुसरी लावली डॉक्टरनी." काका म्हणतो, शेजारचा म्हणतो, कधी कधी स्वतः पेशंटच म्हणतो. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत, आणि त्यावर टिकून राहणाऱ्या माणसाचा मरायचा धोका कितीतरी कमी होतो हे जगभरात दिसलंय. काही जणांना वर्ष लागतं, काही जणांना त्याहून बरंच जास्त. कमी करायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू कमी करतात. लग्न ठरून राहिलं म्हणून, पाहुण्यांसमोर गोळी कशी घेणार म्हणून, पंधरा दिवसांत बंद करायला लावू नका. दुसरा मार्ग नाल्ट्रेक्सोनचा, ती गोळी जागाच बंद करून टाकते, पण ती सात-दहा दिवस पूर्ण कोरं, म्हणजे अफूवर्गातलं काहीच न घेता, राहिल्यावरच चालू करता येते आणि रोज घेणारा माणूस पाहिजे. ज्याचं घर मजबूत आहे, जो स्वतः ठाम आहे, त्याला ती उपयोगी पडते. कुणाला काय लागू पडेल ते डॉक्टरसोबत बसून ठरवायचं.

सेंटरमध्ये ठेवायचंच असेल, आणि काही वेळा ठेवावंच लागतं, घरी वातावरण तसं असतं, तर आधी स्वतः जाऊन बघून या. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनालाही लागू आहे, म्हणून सेंटरची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी पाहिजे, ते सर्टिफिकेट दाखवा म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता, घरच्यांना भेटू देता का, फोन करू देता का, हे विचारा आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. तिथे राहणाऱ्या एक-दोघांशी बोला. पेशंटला त्याच्या मर्जीशिवाय दाखल करायची पद्धत कायद्यात आहे, त्याला दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि ती मुदत आधी तीस दिवसांपर्यंतची असते. रात्री गाडी पाठवून चार जणांनी झोपेतून उचलून नेणं ही ती पद्धत नाही. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. मारहाण, उपाशी ठेवणं, "तोडल्याशिवाय सुधारत नाही" असली भाषा, दिसली की पोरगं घेऊन परत या. भावाला पहिल्यांदा जिथे ठेवलं होतं तिथे काठीनेच उपचार व्हायचे, तो तिथून आला तेव्हा व्यसन तसंच होतं आणि कुणावर विश्वास राहिला नव्हता, तो परत बसवायला जास्त वेळ गेला. चांगली माणसंही या कामात आहेत हेही सांगतो. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं ते ब्राऊन शुगरच्याच लाटेत, आणि मारहाणीशिवाय, माणूस म्हणून वागवून हे काम होतं हे आपल्या मराठी मुलखाने तेव्हापासून बघितलेलं आहे.

सेंटरमधून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. काही दिवस कोरं राहिलं की शरीराची झेलायची ताकद कमी झालेली असते, आणि माणसाच्या डोक्यात डोस जुनाच असतो. तो जुना डोस घेतला की श्वास बंद पडतो. जेलमधून सुटलेल्यांचं पण हेच होतं. ओठ-नखं निळी पडली, हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर जोरात चोळूनही उठत नाही, घोरल्यासारखा घरघर आवाज येऊन राहिला, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर लगेच १०८ लावा आणि काय घेतलं ते स्पष्ट सांगा, लपवू नका. श्वास नीट नसेल तर डोकं मागे करून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्या, साधारण पाच सेकंदाला एक. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही, आणि एकटं सोडू नका. मिठाचं पाणी पाजणं, थंड पाण्याची बादली ओतणं, दोघांनी धरून चालवणं, यात वेळ जातो. हॉस्पिटलला नॅलॉक्सोनचं इंजेक्शन असतं, त्याने माणूस एकदम उठून बसतो आणि घरी चला म्हणतो, पण त्याचा असर तास-दीड तासात उतरू शकतो आणि माल अंगात बाकी असतो, म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच निघायचं.

रोजच्या दिवसाचं सांगतो. टर्की गेल्यावरही झोप लवकर येत नाही, मूड पडलेला राहतो, कशातच मन लागत नाही, हे काही महिने चालतं आणि घरचे म्हणतात आता तर सोडलं ना, मग तोंड पाडून काहून बसला. तो आळशी झालेला नाही, मेंदू पूर्वीसारखा व्हायला वेळ घेऊन राहिला. सकाळी फुटाळ्याला नाहीतर अंबाझरीला चालायला नेलं, दुपारी हाताला काम दिलं, दुकानावर बसवलं तर फरक पडतो. पण गल्ल्यावर नको, पहिले सहा महिने नगदी पैसे आणि यूपीआय दुसऱ्याकडे, हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवायचं, चोर समजून नाही. सिम बदलायचं. ज्या चौकात माल मिळायचा तो चौक टाळून रस्ता बदलायचा, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल. ज्यावर ब्राऊन शुगर ओढतात ती पन्नी, लायटर, जुनी सिरिंज, लपवून ठेवलेली पुडी, हे पेशंट घरी यायच्या आधी शोधून फेकायचं, कारण चांदीची पन्नी नुसती दिसली तरी पोटात मुरडा येतो असं भाऊ सांगायचा. सुई वापरली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी-सीची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या, हिपॅटायटिस सीवर आता गोळ्यांनी बरं होता येतं, बऱ्याच जणांचा कोर्स बारा आठवड्यांचा असतो, आणि सरकारी कार्यक्रमात तो फुकट आहे.

मीटिंग. नार्कोटिक्स अॅनॉनिमस म्हणजे एनए, आपल्या नागपुरात पण होतात. फी नाही, नाव पूर्ण सांगायचं नाही, कोणी उपदेश करत नाही, ज्याची त्याची शेअरिंग असते आणि बाकीचे ऐकतात. पहिल्या दिवशी पोरगा मागच्या खुर्चीवर बसेल, बोलणार नाही, बसू द्या. तिथे पाच-दहा वर्षं क्लीन राहिलेला, लग्न झालेला, नोकरी करणारा माणूस समोर दिसतो आणि त्याला रात्री दोन वाजता फोन करता येतो, ही गोष्ट कोणतीही आई किंवा भाऊ देऊ शकत नाही. काही मीटिंगांमध्ये कोणी म्हणेल की गोळी चालू असेपर्यंत तू क्लीन नाहीस, त्याच्यासाठी औषध बंद करायचं नाही, मीटिंगही चालू आणि औषधही चालू. एका ग्रुपमध्ये जमलं नाही तर दुसऱ्यात जा.

घसरला तर? घसरतात, पुष्कळ जण. त्या दिवशी घरात काय बोललं जातं त्यावर पुढचं खूप अवलंबून असतं. "सगळं पाण्यात घातलंस" म्हटलं की पुढच्या वेळी तो लपवेल, आणि लपवून एकट्याने बाथरूममध्ये घेणारा माणूस वाचवता येत नाही. विचारायचं इतकंच, कधी घेतलं, किती घेतलं, आता कसं वाटतं, आणि उद्या सकाळी ओपीडीला जायचं. शिव्या द्यायच्या असतील तर गच्चीवर जाऊन द्या, मी दिल्यात.

शेवटी घरचे, खास करून आई आणि बायको, त्यांच्याकडे कोणीच बघत नाही. रात्रभर श्वास मोजत बसणाऱ्या बाईला बीपी लागतं, तिची नोकरी जाते, आणि वर सासरचे म्हणतात तूच लाडावून ठेवलं. व्यसनींच्या नातेवाइकांचे वेगळे ग्रुप असतात, ओपीडीतल्या समाजसेवा अधीक्षकाला किंवा समुपदेशकाला विचारा, ते सांगतात. पैसे द्यायचे नाहीत, कर्ज फेडायचं नाही, खोटं बोलून ऑफिसला सुट्टी काढून द्यायची नाही, पण जेवायला वाढायचं, दवाखान्यात सोबत जायचं, ही रेघ कुठे मारायची ते अशा ग्रुपमध्ये बसल्यावर जमायला लागतं. आणि १४४१६ हा नंबर फक्त पेशंटचा नाही, पोरगा तयार होवो न होवो, आईने आज रात्री स्वतःसाठी लावला तरी तिकडचा माणूस बोलतो.